कोमट तेलाचा डबा

बावीस हिवाळे मेकॅनिककाका छोट्या विमानाचं तेल संध्याकाळी काढून घरी शेगडीजवळ ठेवत आले होते. सकाळी कोमट तेल ओतलं, की गोठलेलं इंजिनही पहिल्या झटक्यात बोलायचं.

"आली माझी सवत!" डबा बघून काकू नाक मुरडायच्या.

त्या सकाळी काका पोचले, तर नव्या पायलटने कोरडंच इंजिन सुरू केलेलं. खडखडून ते कायमचं अडकलं होतं.

"अरे, प्रोपेलरवर पाटी होती ना, 'तेल घरी आहे'?"

"मला थट्टा वाटली, काका."

"आणि तेल मोजायची पट्टी? ती ओढून बघायला हात झिजले असते?" शिसारी येऊन काका बाजूला थुंकले.

घरी काकू म्हणाल्या, "अगंबाई, सवत भरल्या पोटी परत?"

"आता ती इथेच नांदेल," म्हणत काकांनी ताट दूर सारलं.