बुंदीच्या काळजातली घुरघुर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, जुम्म्याच्या नमाजला शेजारी बसणाऱ्या दोस्तापाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

मी पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, पाट्या लिहिणारा. नव्वदच्या दशकात आमच्या मूल गावच्या बाजारात एखादी पाटी डोळ्यांत भरली, तर समजायचं हात माझा. राइस मिली, किराणा, सलून, मंगल कार्यालय — सगळी माझीच अक्षरं. फुशारकी वाटते? आहेच. गिऱ्हाइकाने चुकीचं लिहून आणलं, तरी मी बरोबरच लिहायचो आणि वर त्याची फिरकी घ्यायचो. काना, मात्रा, वेलांटी — माझ्या हातून कधी सुटली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं चुकून झालं असं तुम्हाला वाटायला नको.

अम्मी-अब्बा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि धाकटी बहीण नसरीन. माझं लग्न व्हायचं होतं. आणि हो — बुंदी होती. पांढरी, अंगावर पिवळे ठिपके. राइस मिलच्या कोंड्यात सापडलेलं ते पिल्लू नसरीनने ओढणीत गुंडाळून घरी आणलं, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. झोपायची तिच्या पायांवर. माझ्याकडे यायची ती मासळीच्या वेळेला. मी तिच्यावर ओरडायचो, ओल्या पाटीवरून चालत गेली की चप्पल उचलायचो. मारली मात्र एकदाही नाही. ती मला किती आवडायची, हे मी कधी तोंडातून काढलं असेल? छे! पुरुषाने मांजरीचे लाड करायचे, तेही बहिणीसमोर?

मग नसरीनला अहेरीच्या एका शाळेत नोकरी लागली. मी गल्लीभर पेढे वाटले, खोटं नाही सांगत, अभिमान होताच. पण परकं गाव, भाड्याची एक खोली, भोवती जंगल, आणि पोरगी कधी एकटी राहिलेली नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले तिथी एकटीले भेव लागन, भाई. पण बुंदी राहीन ना संगं." मी हसलो. म्हणालो, "मांजर काय वाघाले हाकलून लावन का?" ती पण हसली. त्या क्षणापर्यंत बुंदीही जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घर किती रिकामं होईल याचा विचार मी केला, तो तेव्हा पहिल्यांदा.

जायच्या आधी बुंदीला थोडं पळालं की धाप लागायला लागली. नसरीन कागदपत्रांसाठी चंद्रपूरला गेली होती, म्हणून टोपलीत घालून मीच तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर बैल आणि शेळ्यांची रांग, त्यात मी मांजर घेऊन. लोक हसले. डॉक्टर भला माणूस. त्याने नळी लावली, पण बुंदी इतकी घुरघुरत होती की काळीज ऐकूच येईना. मग त्याने बेसिनचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने ती दचकून गप्प झाली, आणि तेवढ्यात त्याने ऐकून घेतलं.

"मांजर घुरघुरते ना, पेंटर, तशीच बारीक घुरघुर हिच्या काळजातही आहे," तो म्हणाला. "ठोक्यांच्या मधे आवाज येतो. असते एकेकीला. घाबरू नका. खाऊ द्या, खेळू द्या. जगेल."

मी मुद्दाम विचारलं, एसटीने अहेरीपर्यंत नेली तर?

"न्या ना. टोपलीवर फडकं टाका, बस्स."

इतकं स्पष्ट. यात न समजण्यासारखं काही होतं का?

नसरीन परत आली तेव्हा मी अंगणात पाटी लिहीत बसलो होतो. तिने दारातूनच विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी मान वर केली नाही. म्हणालो, "तिच्या काळजाले घरघर लागली आहे."

झालं. एवढंच. दोन उकार मी खाल्ले. घुरघुर मांजरीची असते. घरघर कुणाला लागते, ते तुम्हाला सांगायला नको, आणि मराठी शाळेत शिकलेल्या नसरीनलाही सांगावं लागलं नाही. ती उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "मंग अहेरीले?" मी म्हणालो, "आलापल्लीच्या त्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यानं? एसटीतच जीव जाईन तिचा." आणि पुढचं अक्षर लिहायला घेतलं. तेही बिनचूक आलं.

ती एकटी गेली.

मी नुसतं "बुंदीला माझ्यापाशी ठेव" म्हटलं असतं, तर तिने ठेवली असती. मागितलेलं तिने मला कधी नाकारलं नाही. पण मागायचं म्हणजे मलाही एकटं राहवत नाही, हे कबूल करायचं. ते तिने दोन शब्दांत सांगून टाकलं होतं. मला जमलं नाही. मी चोरी केली.

रविवारी तिचा एसटीडीवरून शेजारच्या दुकानात फोन यायचा. सुरुवातीला कित्येक महिने ती दिवा लावून झोपायची, हे तिने मला हसत हसत सांगितलं. दुसरी मांजर का पाळत नाहीस, असं मी — मीच! — एकदा विचारलं. म्हणाली, "नाई भाई, बुंदीले कसं वाटन?"

पण खरा गुन्हा हा नाही. खरा गुन्हा सुट्ट्यांमधला. ती घरी यायची तेव्हा चपला बाहेर काढून हळूच आत शिरायची. बुंदी ओळखायची, शेपटी उभी करून धावत यायची, तिच्या पायांत घोळायची. आणि नसरीन दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायची. उचलून घ्यायची नाही, खेळवायची नाही. आनंदाने काळीज थांबलं तर? रात्री पायांवर चढली तर पाय हलू नयेत म्हणून अवघडून पडून राहायची. आणि मी? ती अहेरीला गेली की मी सुतळीला कागद बांधून त्याच बुंदीला अंगणभर पळवायचो. धापा टाकत माझ्या मांडीवर येऊन पडायची. बरं वाटायचं मला. खूप बरं वाटायचं.

माझं लग्न झालं, घर भरलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उलट नसरीन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "भाईनं जपली म्हणून जगली." मी मान डोलवायचो. बायकोचाही त्यावर विश्वास.

बुंदी शेवटी म्हातारपणाने गेली. दिवाळीच्या सुट्टीत, नसरीन घरीच असताना. दोन दिवस खाल्लं नाही, आणि दुपारी ओट्यावर उन्हात निजली ती उठलीच नाही. मी सीताफळाच्या झाडाखाली खड्डा खणला, घामाने निथळलो. फडकं घेऊन बुंदीकडे गेलो, तर नसरीन तिच्यापाशी बसलेली होती, हात पाठीमागेच.

"भाई," ती म्हणाली, "आता तं उचलू ना मी तिले?"

मी म्हणालो, "उचल."