पेंढ्याच्या खोक्यातली खिचडी

आमलीच्या कामगार वस्तीतल्या आमच्या एका खोलीत सगळ्यात जास्त काय साठायचं, तर नूडल्सची रिकामी पाकिटं. मी आणि मुलीचे पप्पा, दोघंही नरोलीला सुताच्या कंपनीत, दोघांची पहिली शिफ्ट. मुलगी दहा वर्षांची. साडेबाराला शाळेतून यायची, स्वतःच गॅस पेटवायची आणि पाकीट फोडायची. सकाळची भाजी-पोळी गार म्हणून तशीच पडून. तिचं पोट सारखं दुखायला लागलं तेव्हा मला माझाच राग आला. मी भरिताच्या वांग्यांच्या मुलखातली, आणि माझी पोर पाकिटांवर वाढतेय!

म्हणून मी मोबाइलवरून चालू होणारा प्लग घेतला. सकाळी इलेक्ट्रिक कुकरमध्ये डाळ-तांदूळ पाण्यात ठेवायचे, बाराला कंपनीतून बटण दाबायचं, की पोरीला गरम खिचडी. शेजारणींपुढे मी सुट्टीचे दोन दिवस नुसती मिरवत होते. तिसऱ्या दिवशी कामावर गेले, तर गेटवर वॉचमनने नेहमीसारखा हात पुढे केला. मोबाइल जमा. सहा वर्षं मी तो रोज जमा करते, आणि प्लग घेताना नेमकं तेवढंच विसरले!

"मम्मी, तांदूळ तर कच्चाच होता. मी नूडल्स बनवून घेतले," मुलगी म्हणाली. मग तिनेच प्लगला टायमर लावून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारभर लाईट गेली आणि डाळ-तांदूळ आंबले.

जेवणाच्या सुट्टीत मी हे रडगाणं लाईनवरच्या मैत्रिणीला ऐकवलं. ती जवळच्या सुरंगी गावची. पोट धरून हसली.

"काय बेन, लाईटचं काय घेऊन बसलीस? आमच्याकडे शेतावर जाताना भाताला चांगली उकळी देतात नि टोप पेंढ्यात दाबून ठेवतात. येईपर्यंत आपोआप शिजतो."

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी पिशवीभर पेंढा घेऊन आली.

पुठ्ठ्याचं खोकं, त्यात पेंढा, वर जुनी गोधडी. सकाळी खिचडी दहा मिनिटं उकळली आणि घट्ट झाकण लावून टोप आत दाबला. दहा मिनिटांचा गॅस, पुढचं काम फुकटच्या पेंढ्याचं. पण शिफ्टभर माझा जीव टांगणीला. धागा तुटला तरी लक्ष घड्याळाकडे.

साडेतीनला जवळजवळ पळतच घरी आले. खोकं सकाळी ठेवलं तसंच, गोधडीसकट बंद. म्हणजे आजही नूडल्सच. मला रडूच आलं.

"अगं, मी जेवले कधीच," मुलगी म्हणाली. "अर्धी तुझ्यासाठी परत आत ठेवली. तू रोज गारच खातेस ना."

टोपाला हात लावला. अजून गरम होता. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कुणी अन्न गरम ठेवलं नव्हतं. मी कंपनीच्या कपड्यांतच खाली बसले, आणि पोरीने मला वाढलं.