आधी तुमचा डबा

शाळा उघडायच्या आधी मी सामानाची यादी करत होते. खडू, डस्टर, दोन बादल्या... चौथ्या ओळीत लिहिलं, ‘साबण किती, अंबूबाईंना विचारणे’. तेवढ्यात त्यांची सून कुंभारीहून आली आणि दारातच म्हणाली, "बाई, आत्या गेल्या की काल दुपारी." ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या शाळेत अंबूबाई शिपाईकाम करत. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात फडकं सोडायच्या. त्यात भाकरी आणि लालभडक शेंगाचटणी. माझ्या याद्यांची त्यांना भारी गंमत वाटे. "बाई, श्वास घ्यायचं बी लिवून ठिवता का?" असं विचारायच्या.

सात-आठ वर्षांपूर्वी सुनंदा दुसरीत आली. शेंगदाणा तोंडात गेला की तिचे ओठ सुजायचे, श्वास कोंडायचा. पुढच्या वेळी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एका शाळेनं तिला आधीच नाकारलं होतं. आमचे मुख्याध्यापकही म्हणाले, "सोलापुरात शेंगांशिवाय डबा? घरीच शिकवा हिला." मीच मध्ये पडले, माझ्या वर्गात घेते म्हटलं. चटणी, लाडू, चिक्की, खारे दाणे, भाजलेल्या शेंगा, अशी वर्ज्य पदार्थांची यादी करून भिंतीवर लावली, पालकांना समजावली आणि निर्धास्त झाले.

पंधरा दिवसांनी सुनंदाचा डबा हातातून निसटून मातीत सांडला. मी माझी अर्धी पोळी आणि काकडीची कोशिंबीर तिच्यापुढे ठेवली. थोड्याच वेळात ती मान खाजवू लागली, आवाज घोगरा झाला... अंबूबाईंनी तिला उचललं आणि गल्लीतल्या दवाखान्याकडे धावत सुटल्या. मी मागे. इंजेक्शन दिल्यावर तासाभरानं पोरीचा श्वास सरळ झाला.

कोशिंबिरीत मी रोजच्यासारखं दाण्याचं कूट घातलं होतं. माझ्या यादीत कूट नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी चूक कबूल केली, तरी मुख्याध्यापकांनी सुनंदाचं नाव कमी करायला रजिस्टर उघडलं. दारातून अंबूबाई म्हणाल्या, "साहेब, चूक मोठ्यांची आन् शाळा सुटनार पोरीची व्हय? उद्यापास्नं डबे मी बघते." साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली.

बाहेर आल्यावर माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "कुटाला कोन शेंगा म्हन्तंय, बाई? मिटावानी पडतंय ते. माज्याबी ध्यानात आलं नसतं." त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मग रोज मधल्या सुट्टीत मुलं ओळीनं बसून झाकणं उघडायची. अंबूबाई वाकून बघायच्या, वास घ्यायच्या. कूट सापडलं की त्या मुलाला म्हणायच्या, "तू आज माज्या पंगतीला." त्यामुळे व्हरांड्यात बसायला मुलं उलट हट्ट करायची. जेवण झालं की सगळ्यांचे हात नळावर साबणानं. आणि तपासणीची सुरुवात माझ्या टेबलापासून. "आदी तुमचा, बाई." मुलं खुदखुदायची. महिना उलटला, साहेबांनी तो विषय काढला नाही.

त्या काळात अंबूबाईंच्या फडक्यात भाकरीबरोबर नुसता कांदा आणि हिरवी मिरची असे. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "शेंगा दाताला टोचत्यात." ऊस दातानं सोलणारी बाई! चौथी पास होऊन सुनंदा गेली, त्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी भाकरीवर पुन्हा लालभडक चटणी दिसली.

झाकणं उघडून दाखवायची चाल मात्र राहिली, पहिलीच्या वर्गापर्यंत पसरली. का करायचं, हे आताच्या मुलांना ठाऊक नाही. यंदा पहिल्या दिवशीही दुसरीची मुलं डबे उघडून, हात मांडीवर ठेवून बसली. बघायला कोणी येईना. माझी नजर दाराकडेच...

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आधी तुमचा."

मी झाकण काढलं. काकडीची कोशिंबीर होती, त्या दिवसापासून करते तशी, बिनकुटाची. डबा मी दाराकडे वळवून धरला.