अण्णांच्या खांद्याला पेलेल असं स्टेअरिंग

मी जीप उंच करून घेतली आणि अण्णांनी गाडी चालवणं सोडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला तीन महिने लागले.

मी गुरांची डॉक्टर. तिसगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर माझं काम चालतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं. ट्रक सुटल्यावर ते माझे ड्रायव्हर झाले. तसं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. मी गोठ्यात गाय तपासत असायची आणि अण्णा बाहेर बाजेवर बसून गायीच्या मालकाला धीर देत असायचे. त्या धीराचा उपयोग कधी कधी माझ्या औषधापेक्षा जास्त व्हायचा.

डोंगराकडच्या वस्त्यांवर जाताना ओढ्यातले दगड जीपच्या पोटाला लागायचे. म्हणून मी नगरला नेऊन तिच्या स्प्रिंगांना लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंग टांगायच्या लोखंडी पट्ट्या, लावून घेतले, मोठे टायर चढवले. गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली. अण्णांनी तिच्यातून गावाबाहेर एक फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"डोळ्याला नीट दिसंना आता. तूच चालव."

मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नव्हता. येताना, लांबून येणाऱ्या टेम्पोवर काय लिहिलंय ते अण्णांनी माझ्या आधी वाचून दाखवलं. वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी एकटीच वस्त्यांवर जात राहिले. पण गाडी हातात राहत नव्हती. खड्डा आला की आपल्या मनाने बाजूला पळायची आणि वळण संपलं तरी स्टेअरिंग सरळ होत नसे, ओढून आणावं लागे. एका संध्याकाळी घरी आल्यावर मी सहज म्हणाले, "अण्णा, हात भरून आले बाई माझे."

"तुझे भरून येत्यात," ते म्हणाले, "मग माझ्या खांद्यानं काय करावं?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. मागे मोटरसायकलवरून पडले होते, तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा पूर्ण वर जात नव्हता. त्यांनी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं. जुन्या जीपमध्ये निभावून जायचं, कारण वळणानंतर स्टेअरिंग आपसूक मागे यायचं. आता ते येत नव्हतं. माझ्या हौसेच्या गाडीला नावं ठेवायला नकोत म्हणून त्यांनी दोष स्वतःच्या डोळ्यांवर घेतला होता.

मी नगरला जाऊन कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करून घेतली. तिथल्या माणसाने पुढच्या चाकांची तोंडं जुळवली आणि स्पष्ट सांगितलं, "मॅडम, दोन्ही चाकांना मिळून असा एकच अखंड एक्सल असला की आमच्याकडं एवढंच होतं." फरक काहीच पडला नाही. शेवटी अण्णाच म्हणाले, "चाचाकडं जाऊ."

चाचा तिसगावचे जुने मिस्त्री, अण्णांचे ट्रकच्या दिवसांपासूनचे दोस्त. ते गाडीखाली सरकले, बाहेर आले आणि मला म्हणाले, "पोरी, सायकल हात सोडून चालवलीस का कधी?"

"चालवली की."

"मग हँडल सरळ कुणी धरलं? कुणीच न्हाई. सायकलीचा पुढचा दांडा मागं कललेला असतो, म्हणून चाक आपोआप सरळ ऱ्हातं. तुझ्या एक्सलचंबी तसंच हुतं. ह्या लांब शॅकलांनी त्याचं डोकं पुढं ढकललं."

मी मोबाईलमधलं कोन मोजायचं अॅप काढलं. चाचांनी दाखवलेल्या एक्सलवरच्या सपाट जागेवर मोबाईल टेकवला. एक अंशसुद्धा कल उरला नव्हता. चाचांच्या मते तो पाचाच्या आसपास हवा होता. त्यांनी लेथवरून लोखंडी पाचरी करून आणायला सांगितल्या. एक्सल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये पाचर घातली की एक्सल पुन्हा मागे कलतो.

पाचरी आल्या त्या दिवशी दोघांची जुंपली.

"जाड बाजू पुढं," अण्णा म्हणाले.

"मागं. जन्म गेला माझा यात."

"ट्रकाला मागं. ट्रकात स्प्रिंग एक्सलच्या वर असतीया. हिला खाली हाय."

"तू गाडी चालव, अण्णा. खोलायचं काम माझं."

जाड बाजू मागे बसली. चाचा स्वतः चालवायला बसले, मी शेजारी, अण्णा मागे. बाजारतळ ओलांडेपर्यंत जीप रस्त्याच्या या कडेची त्या कडेला तीनदा जाऊन आली. एका शेळीवाल्याने आपल्या शेळ्या घाईने कडेला घेतल्या. चाचांनी गाडी थांबवली, खाली वाकून एकदा एक्सलकडे पाहिलं, परत बसले आणि हळूहळू गॅरेजकडे वळवली. मला वाटलं, अण्णा आता सोडणार नाहीत. अण्णा म्हणाले, "चाचा, आधी चहा घेऊ. मग खोलू."

चहा झाल्यावर दोघं मिळून गाडीखाली गेले. चाचा बोल्ट सैल करत होते आणि अण्णा डाव्या हाताने पाचर धरून होते. जाड बाजू पुढे गेली. बोल्ट आवळल्यावर मी पुन्हा मोजलं. साडेचार.

"बास," चाचा म्हणाले. "ह्याच्या म्होरं ओढलं तर इंजिनाकडनं येणारा शाफ्ट थरथरंल."

एक्सल फिरल्यामुळे चाकांची तोंडं पुन्हा तपासावी लागली. चाचांनी टायरांवर खडूने रेघा मारल्या आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. चाकांमधलं अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला अगदी थोडं कमी हवं होतं. दोन चाकांमधला स्टेअरिंगचा दांडा फिरवायचा, गाडी ढकलायची, परत मोजायचं. चार वेळा मोजलं. चौथ्या वेळी चाचांनी टेप गुंडाळला आणि किल्ली माझ्याकडे न देता अण्णांपुढे धरली.

अण्णांनी ती घ्यायला वेळ लावला. मग धोतराला हात पुसून ते चढले. मी शेजारी बसले. पाथर्डीच्या रस्त्याला लागल्यावर पहिल्याच वळणावर त्यांनी पकड सैल केली. स्टेअरिंग त्यांच्या तळहाताखालून आपलं आपण फिरत सरळ झालं. अण्णा एकदा माझ्याकडे बघून हसले. मग म्हणाले, "मला आधीच सांगायला पायजे हुतं."

"मीही विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. डोंगराखालच्या वस्तीवर एक म्हैस अडली होती, रेडकाचे पाय अडकले होते. घरी जाऊन जेवायचं ठरलं होतं, पण माझं फोनवरचं बोलणं ऐकल्यावर अण्णांनी मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी गिअर बदलला आणि गाडी ओढ्याच्या वाटेला घातली. दगडांवरून जाताना जीप डुलत होती. अण्णा एका हाताने स्टेअरिंग धरून, म्हैस कितव्या वेताची आहे आणि मालकाचा स्वभाव कसा आहे, ते मला सांगत होते.