पिशवीची दुहेरी शिवण

अजगर दिवसदिवस पाण्याच्या भांड्यात बसू लागला, तेव्हा आम्हाला काही वावगं वाटलं नाही. सौंसरचा मे महिना होता.

"गारव्याले बसून राहिला," हे म्हणाले. मीही तेच धरलं आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.

अजगर लेकीचा. आफ्रिकेतल्या जातीचा, भ्याला की डोकं मधोमध घेऊन चेंडूसारखा गोळा होणारा. रीतसर नोंदणी करून तिनं तो पाळला होता. नागपूरला नोकरी लागली, तिथल्या होस्टेलात साप कोण ठेवू देणार? जाताना मला म्हणाली, "आई, बाबांच्या नाही, तुझ्या भरवशावर ठेवून राहिली. जिवंत पाहिजे मला." "सांभाळीन," मी म्हटलं.

बाबांच्या भरवशावर का नाही, ते सांगते. यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पण बोरगाव, मोहगाव, कुठंही घरात साप निघाला की फोन यांनाच. हे जातात, पकडतात, वनखात्याला कळवून रानात सोडतात; घरी असे सापडतच नाहीत. सापाच्या पिशव्या मी शिवते. जाड मांजरपाट, शिवण दुहेरी: एकदा शिवायची, उलटायची, पुन्हा शिवायची. आत सुटा धागा राहिला तर सापाचे दात अडकतात, आणि नाग तर वाटभर कोपऱ्यात तोंड खुपसून जागा शोधत असतो. माझी शिवण कधी उसवली नव्हती.

अजगरानं उंदीर खाणं सोडलं. मग भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले. पांढरं फडकं त्याच्या हनुवटीखालून फिरवलं तर ठिपके फडक्यावर चालायला लागले. एक नखानं चिरडला, रक्त निघालं. डोळ्यांच्या कडेला तर माळच लागली होती. रक्त पिणारे किडे; त्यांच्यापायीच तो पाण्यात बसत होता.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, म्हैस असती तर औषध दिलं असतं." माझे दीर संत्र्याचे बागाईतदार. ते पंप पाठीवर घेऊनच आले.

"वहिनी, संत्र्यावर कोळी किडा पडते तसाच हा प्रकार. एक फवारा मारून देतो."

"भाऊजी, तुमच्या संत्र्याले फुफ्फुसं आहेत का?"

पंप घेऊन गेले. जाताना म्हणाले, "सापाचे लाड होऊन राहिले या घरात, माणसाले च्या बी विचारत नाही कोणी."

लेकीनं नागपुरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून फोनवर सगळं सांगितलं. मी केलं. अजगराच्या पेटीतला नारळाचा भुसा आणि सालपटं जाळली. पेटी गरम पाण्यानं, साबणानं, कोपरे ब्रशनं घासून उन्हात टाकली. तळाला साधा पांढरा कागद, रोज बदलायचा, म्हणजे किडा दिसतो. अजगराला डोकं वर राहील एवढ्याच कोमट पाण्यात बसवायचं. डॉक्टरांनी पाठवलेलं औषध पेटीत सांगितलं तेवढंच मारायचं, आणि ते वाळल्याशिवाय साप आत सोडायचा नाही. काही दिवसांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण अंडी मरत नाहीत, फुटल्यावर पिल्लं मारावी लागतात. कंटाळवाणं काम. पण अजगरानं उंदीर गिळला आणि मी लेकीला फोटो पाठवला.

पोळ्याच्या सुमारास कागदावर ठिपके पुन्हा आले.

आता भुसा नव्हता, सालपट नव्हतं. मग येतात कुठून? पेटीच्या वरच्या खिळ्याला यांची पिशवी टांगलेली होती. आदल्या दिवशी तिच्यात धामण आणली होती. मी पिशवी उलटी केली आणि शिवणीची घडी नखानं उकलली. तिथं ते ओळीनं बसले होते.

पिशवी यांच्यापुढं धरली. यांनी ती उजेडात नेऊन पाहिली. मग चिडले.

"म्हणजे मी किडे वाटत हिंडून राहिलो का?"

"वाटून नाही राहिले जी. आणून राहिले."

"मग फोन उचलणं बंद करू? बोरगावले लेकराच्या खाटेखाली नाग निघाला, त्यायले सांगू का, आमच्या घरी अजगराले किडे पडले म्हणून?"

पिशव्या दुकानात ठेवल्या. पण हात आणि बाह्या तर घरीच येणार. अंगणात आंघोळ करूनच आत यायचं, कपडे बाहेरच भिजवायचे, असं ठरलं. पाळलंही. प्रत्येक खेपेनंतर पिशवी सोडा टाकून उकळायला लागले.

एके दुपारी हे मोहगावहून दुकानाऐवजी सरळ घरी आले ते फाटकातच थांबले. पिशवी अंगापासून लांब धरलेली, आत नाग. खालच्या कोपऱ्यात दोरा तुटून बोटभर जागा झाली होती. तोंड फिरवलं असतं तर बाहेर होता. मी डब्बा उघडून पुढं केला, यांनी पिशवीसकट नाग त्यात सोडला, झाकण दाबलं. उकळून उकळून दोरा कुजला होता.

त्या दिवसापासून मी उकळणं बंद केलं. दर खेपेला नवी पिशवी शिवणं जमण्यासारखं नव्हतं, आणि यांचे फोन थांबणार नव्हते. लेकीला फोन लावला.

"घेऊन जा त्याले. इथं किडे जाणार नाहीत."

"तू सांभाळीन म्हणाली होतीस."

"म्हणाली होती. म्हणूनच सांगून राहिली."

रविवारी ती आली. नागपुरात एका मैत्रिणीच्या घरी त्याची सोय केली होती, आधी महिनाभर वेगळ्या खोलीत. तिनं हनुवटी उचलून पाहिलं. एका डोळ्यावर जुन्या कातीचा पापुद्रा तसाच अडकला होता. बापाकडं तिनं पाहिलं नाही. हेही दारातच उभे राहिले, हात आंघोळीनं ओले.

न्यायला पिशवी लागणार होती. मी तिथंच मशीनवर बसले. नवा मांजरपाट, शिवण एकेरी, काठ बाहेर. घडी नाही, लपायला जागा नाही. शांत जनावराला तेवढं पुरतं.

हे जवळ आले, शिवण बोटानं चाचपली.

"मले बी अशीच एक शिवून दे ना."

"तुम्हाले नाही," मी म्हटलं आणि दोरा तोडला. "तुमच्या पिशवीत नाग असते."