चेकरबाईंचा हात

आमच्या थोरल्या जाऊबाई कुणाच्याच हातचं काम सहज पास करत नाहीत. कपड्यांच्या कारखान्यात मी शिलाईला, त्या चेकर, म्हणजे माल तपासणाऱ्या. शर्टाची शिवण तसूभर सरकली की माल परत! कुणी मशीनवर खापर फोडलं तर उत्तर ठरलेलं, "नाचता येईना अंगण वाकडं." घरीही तेच. मी घासलेली भांडी त्या पुन्हा विसळतात. माझं डोकं फिरतं, पण बोलायची सोय नाही, कारण त्यांच्या हातून खरंच चूक होत नाही.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटली की मात्र वाघिणीची शेळी व्हायची. "परक्या माणसापुढे निजू? मेले तरी नाही!" मग एकदा कारखान्यात नर्सबाई आल्या. प्रत्येकीला ब्रशची काडी आणि एक नळी दिली. दार लावून आपली आपणच आत फिरवायची आणि नळीत घालून परत द्यायची. बाकीच्या खिदळत बसल्या, तोवर जाऊबाई करून आल्यासुद्धा. वर मलाच दम, "सोपं आहे. तू धांदरट, नीट कर."

माझ्यात काही निघालं नाही. जाऊबाईंच्या नमुन्यात मात्र हा कॅन्सर ज्यानं होऊ शकतो तो विषाणू सापडला. नर्सबाई फोनवर म्हणाल्या, कॅन्सर झालाच असं नाही, पण डॉक्टरांकडून आतून तपासून घ्यायलाच हवं.

तेव्हापासून बाई एका जागी टिकत नाहीत. धुतलेला ओटा धुतात, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालतात. तोंडात एकच, "काडी कुठेतरी टेकली असेल. माझाच हात चुकला." मी रोज डॉक्टरांकडे चला म्हणते, आणि ह्या घराबाहेर पडायला तयार नाहीत.

आज त्यांनी मी घासलेलं पातेलं पुन्हा नळाखाली धरलं आणि माझा पारा चढला.

"ठेवा ते! जन्मभर आम्हाला नाचता येत नव्हतं. आता अंगणच वाकडं निघालं, तर म्हणे तुम्हालाच नाचता येत नाही होय? बरं, सांगते कारखान्यात, चेकरबाईंचा हात चुकतो म्हणून!"

"सांगून तर बघ!"

"मग चुकला का?"

त्यांनी नळ बंद केला. "नाही गं," म्हणाल्या, "अगदी नीट केलं होतं मी." आणि ओट्याला टेकून हमसून रडल्या. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पातेलं तसंच फळीवर ठेवलं आणि चपला शोधायला लागल्या.

"तूही आत यायचं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीण नीट करते का, ते तू बघ."