न दिलेली पत्रिका

माझ्या मुलीचं तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी जमलं होतं. लग्नाचं बोलायला म्हणून मी तिला घेऊन लालबागहून गिरगावात त्याच्या घरी गेले. वडील मराठीचे निवृत्त प्राध्यापक, आई गाणं शिकवणारी. दोघंही नाकाने कांदे सोलणारे.

आईंनी हौसेने एक बंदिश म्हटली आणि मला समजावलं, की या रागाची जाती औडव, म्हणजे स्वर पाचच. प्राध्यापकांना राहवेना. कवितेतही जाती असतात, म्हणाले, मात्रा मोजून बांधलेल्या. साकी, दिंडी, आर्या. दिंडीची चाल त्यांनी गुणगुणून दाखवली, मान डोलावत. मी परळच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा मीही भर घातली. आमच्याकडे ज्यांना एकमेकांपासून पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पुढे होतात, ते सगळे एका जातीचे. रंगरूप काही का असेना. "वा, वा," प्राध्यापक म्हणाले. मुलगी आणि तो मुलगा एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, झालं काम.

मग पोहे आले आणि त्या शब्दाचा उरलेला अर्थ आला. तो चांगल्या घरांत तोंडाने उच्चारत नाहीत.

"मूळ गाव कुठलं तुमचं, बाई?"

"मालवणच्या अलीकडे."

"अरे वा. गावात वाडी कुठली?"

कोकणात वाडी सांगितली की सगळंच सांगून होतं. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मी पोहे खात राहिले. मग कुलदैवत झालं, मग घरी मासे सगळे चालतात का, ते झालं.

शेवटी मी म्हटलं, "सर, सरळ जातच विचारा ना. मघापासून तिच्यावरच बोलतोय आपण."

"छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही. नातेवाईक विचारतात, म्हणून आपलं."

मी सांगून टाकली. आईंनी माझ्या बशीत आणखी पोहे वाढले, पण नजर बशीवरच ठेवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पुढच्या रविवारी तो मुलगा आमच्या दारात उभा. चप्पलही काढली नाही.

"बाबा म्हणतात, पत्रिका जुळत नाही."

आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. मुलीची कधी काढलेलीच नाही. नकार द्यायचा तर पत्रिकेवर ढकलायचा, ही सवय त्या घराच्या अंगात इतकी मुरलेली, की आधी ती मागावी लागते याचंही भान राहिलं नाही. जन्मभर पोरांचे पेपर तपासलेल्या माणसाला साधी थाप धड मारता येऊ नये, याची मला अजून किळस येते.

मुलगी पुढे आली. आवाज शांत होता. "माझी पत्रिका नाहीच आहे. तुला माहितीये ना ते?"

"हो."

"मग त्यांना का नाही बोललास?"

तो जिन्याकडे बघत होता. "घरात उगाच वाद नको, म्हणून."

"बरं झालं, चप्पल काढली नाहीस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.